खार्किवची अनाथ मुले आणि एक कॅमेरा

मुंबईच्या चोरबाजारातून काही वर्षांपूर्वी मी एक जुना कॅमेरा घेतला. "जर्मन माल आहे, मास्टर," असे दुकानदार म्हणाला. मला जर्मन येत नव्हती आणि रशियनही येत नव्हती, त्यामुळे मी विश्वास ठेवला. पुढे कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका बुजुर्ग कारागिराने लेन्स फिरवून बाहेर काढली, आत डोकावून पाहिले आणि हसून सांगितले की हा लायकाच्या घराण्यातला दिसतो खरा, पण लायका नव्हे. खऱ्या लायकात लेन्सच्या मागच्या कडेला टेकणारे एक बारीक गोल चाक असते. माझ्या कॅमेऱ्यात त्या जागी पाचरीसारखी एक पट्टी होती. मग त्यांनी वरच्या भागावर कोरलेल्या परक्या लिपीतल्या पाच ओळींवर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे वाचून घ्या. सगळं इथंच लिहिलंय."

त्या ओळी मी वाचून घेतल्या. पहिली ओळ : फेड. दुसरी : श्रम-कम्यून. तिसरी : एनकेव्हीडी, सोव्हिएत युक्रेन. चौथी : एफ. ई. झेर्झिन्स्की यांच्या नावाने. पाचवी : खार्कोव, म्हणजे युक्रेनियन उच्चारात खार्किव. कॅमेऱ्यावर कंपनीचे नाव असते हे आपल्याला ठाऊक आहे. पण इथे एक अनाथाश्रम, गुप्त पोलिसांचे खाते, त्या खात्याच्या संस्थापकाचे नाव आणि एक शहर असे सारे एकत्र आले होते. या पाच ओळींचा इतिहास मी शोधू लागलो आणि शिक्षक म्हणून त्यात पुरता गुंतलो.

सुरुवात मात्र जर्मनीपासून करावी लागेल. वेट्झलार या गावात लाइट्झ नावाचा सूक्ष्मदर्शक बनवणारा कारखाना होता. तिथे ऑस्कर बर्नाक हा तंत्रज्ञ काम करी. त्याला दम्याचा विकार होता. त्या काळचे जड कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या पाठीवर वाहून डोंगर चढणे त्याला झेपत नसे. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरून त्याने १९१३-१४ च्या सुमारास खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. मध्ये पहिले महायुद्ध आले. शेवटी १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' लोकांपुढे आला. १९३२ साली त्यात रेंजफाइंडर बसवला गेला. कॅमेऱ्याच्या दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या एकाच माणसाच्या दोन प्रतिमा लेन्स फिरवता फिरवता एकमेकींवर येतात. त्या जुळल्या की समजावे, अंतर बरोबर बसले. अंतर अंदाजाने ठरवण्याची गरज उरली नाही.

या कॅमेऱ्यात फिल्म भरणे हा एक संस्कारच आहे. त्याची पाठ उघडत नाही. प्रकाश आत शिरू नये आणि सांगाडा मजबूत राहावा म्हणून शरीर एकसंध ठेवलेले असते, फक्त तळाची पट्टी निघते. फिल्म खालून वर, अगदी अरुंद फटीतून सरकवावी लागते. आजच्या रोलची पुढे आलेली जीभ आखूड असते, कारण नंतरच्या कॅमेऱ्यांच्या पाठी उघडू लागल्या. ती तशीच आत घातली तर फिल्मची रुंद कड शटरच्या चौकटीला अडते, वाकते, कधी तिचा तुकडा मोडून यंत्रात अडकतो. म्हणून कात्री घेऊन जीभ सुमारे दहा सेंटिमीटर लांब करायची. कात्री दोन छिद्रांच्या मधून गेली पाहिजे. छिद्र अर्धे कापले गेले तर त्या अर्धवट दाताला फिल्म अडकते. मग जिभेचे टोक रिकाम्या रिळाच्या पट्टीखाली खोचायचे, रीळ आणि रोल दोन्ही हातांत समांतर धरून एकाच वेळी आत सोडायचे. तळ लावल्यावर दोन कोरे फोटो ओढायचे आणि डाव्या बाजूची गुंडाळण्याची खुंटी उलट फिरते की नाही ते पाहायचे. ती फिरली नाही तर फिल्म जागची हललेलीच नाही. असे छत्तीस फोटो काढून कोरा रोल घरी आणणाऱ्यांपैकी मीही एक आहे.

इतका नाजूक व्यवहार असलेले हे यंत्र युक्रेनमध्ये कुणी बनवले? रस्त्यावरच्या मुलांनी.

पहिले महायुद्ध, क्रांती, यादवी आणि १९२१-२२ चा दुष्काळ यांनी रशियात आणि युक्रेनमध्ये लाखो मुले बेघर झाली. ती रेल्वेच्या डब्यांखाली झोपत, बाजारात खिसे कापत, टोळ्या करून राहत. अशा मुलांच्या एका वसाहतीची जबाबदारी १९२० साली पोल्टावाजवळ अंतोन मकारेंको या शिक्षकावर आली. आमच्या बी.एड.च्या वर्गात रूसो, फ्रोबेल, मॉन्टेसरी, ड्यूई, टागोर, गांधीजी हे सगळे भेटले होते. मकारेंको मला या कॅमेऱ्याने भेटवला.

मकारेंकोचा मार्ग थोडक्यात सांगायचा तर असा : मुलाकडून जास्तीत जास्त अपेक्षा ठेवा, कारण तोच त्याचा जास्तीत जास्त आदर आहे. मुलाच्या मागच्या गुन्ह्यांची कागदपत्रे तो उकरत बसत नसे. आपल्या 'शैक्षणिक महाकाव्य' या पुस्तकात त्याने करबानोव नावाच्या मुलाची हकीकत दिली आहे. पूर्वी चोऱ्या केलेल्या या मुलाला त्याने घोडा देऊन शहरातून पाचशे रूबल आणायला एकट्याला धाडले. मुलगा परतला. मग दोन हजार आणायला धाडले. तेव्हाही परतला. पुस्तकातला हा करबानोव म्हणजे प्रत्यक्षातला सेम्योन कलाबालिन. तो पुढे स्वतः अनाथ मुलांचा शिक्षक झाला.

१९२७ च्या डिसेंबरात खार्किवच्या सीमेवर झेर्झिन्स्की कम्यून उघडले गेले आणि मकारेंको तिथे आला. इमारतीचा पैसा युक्रेनच्या जीपीयूच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, कर्मचाऱ्यांनी आपल्या पगारातून कापून दिला होता. चेका या पहिल्या सोव्हिएत गुप्त पोलीस दलाचा संस्थापक फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की १९२६ साली वारला होता, त्याचे हे स्मारक. त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच 'फेड'. मुले दिवसाचे चार तास कारखान्यात काम करीत आणि उरलेल्या वेळात शाळा शिकत. आधी सुतारकाम, शिवणकाम अशी छोटी कामे होती. १९३२ साली तिथे विजेवर चालणारे ड्रिल बनू लागले. देशाला ते तोवर परदेशातून आणावे लागत. त्याच वर्षी लायकाचे भाग सुटे करून, मापे घेऊन मुलांनी आणि त्यांच्या अभियंत्यांनी कॅमेऱ्याचे पहिले नमुने तयार केले. १९३४ पासून तो नियमित बनू लागला.

नक्कल म्हटले की आपण नाक मुरडतो. पण नक्कल करण्यासाठीही हात लागतो. लेन्स आणि फिल्म यांच्यातल्या अंतरात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा फरक पडला तरी चित्र पुसट होते. आरंभीच्या फेडमध्ये प्रत्येक लेन्स त्या त्या कॅमेऱ्याशी जुळवून बसवलेली असे. एकाची लेन्स दुसऱ्याला लावली तर नेम चुकण्याची शक्यता फार. म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्यापाशी कुणीतरी पोरगा वा पोरगी बसून, घासून, पुन्हा मोजून, पुन्हा घासून ती जोडी जमवत होती. ज्यांच्या हातांना समाज फक्त खिसा कापण्याच्या लायकीचे समजत होता, ते हे हात.

वाचकहो, इथेच लेख संपवला असता तर तो सुंदर झाला असता. पण तो खरा झाला नसता. तिसऱ्या ओळीचा हिशेब अजून बाकी आहे.

१९३२-३३ साली युक्रेनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पडला म्हणणेही बरोबर नाही, तो पाडला गेला. सक्तीच्या सामुदायिक शेतीनंतर सरकारने धान्यवसुलीचे आकडे अशक्य चढवले आणि गावोगाव पथके पाठवून धान्य उचलले. उपाशी शेतकऱ्यांनी शहरांकडे जाऊ नये म्हणून वाटा अडवल्या. मेलेल्यांचे अभ्यासकांनी काढलेले अंदाज साधारण पस्तीस ते चाळीस लाखांच्या आसपास आहेत. या वसुलीचा आणि अडवणुकीचा मोठा भार जीपीयूच्या खांद्यावर होता. जे खाते कम्यूनच्या मुलांना गणवेश, शाळा आणि जेवण देत होते, तेच खाते खेड्यांत नवी अनाथ मुले तयार करत होते.

त्या वर्षी खार्किवमध्ये अलेक्झांडर विनरबर्गर नावाचा एक ऑस्ट्रियन अभियंता नोकरीला होता. पहिल्या महायुद्धात तो रशियनांच्या कैदेत पडला आणि नंतर तिथेच राहिला. १९३३ साली त्याने खार्किवच्या रस्त्यांवर चोरून फोटो काढले : दुकानांपुढच्या रांगा, पदपथावर पडलेली प्रेते, सुजलेल्या पोटांची मुले, सामुदायिक कबरी. पकडला गेला असता तर हेरगिरीचा आरोप ठरलेला होता. ऑस्ट्रियाच्या वकिलातीच्या टपालातून त्याने फोटो देशाबाहेर काढले आणि १९३५ साली व्हिएन्नात निघालेल्या पुस्तकात त्यांतले काही छापले गेले. सोव्हिएत सरकार १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हा दुष्काळ नाकारत राहिले. पण फोटो होते.

त्याच्या हातातला कॅमेरा लायका होता.

एकच शहर, एकच काळ. शहराच्या कडेला मुले लायका उघडून त्याच्यासारखा कॅमेरा घडवत होती आणि शहराच्या मध्यावर एक माणूस कोटाआड लायका लपवून, त्या मुलांना पोसणारे सरकार काय करते आहे ते टिपत होता. दोघांनीही फिल्मची जीभ तशीच कापली असेल, खुंटी फिरते का ते तसेच पाहिले असेल. मुलांचा इथे काही दोष नाही. पण कम्यूनची गोष्ट सांगताना खेड्यांची गोष्ट गाळणे आणि खेड्यांची गोष्ट सांगताना या मुलांचे हात गाळणे, दोन्ही मला बेइमानी वाटते.

पुढे काय झाले? युक्रेनच्या जीपीयूचा प्रमुख व्सेवोलोद बालित्स्की याला १९३७ साली त्याच्याच खात्याने गोळ्या घातल्या. मकारेंकोने १९३५ साली कम्यून सोडले होते. १ एप्रिल १९३९ रोजी मॉस्कोजवळच्या गोलित्सिनो स्थानकावर रेल्वेच्या डब्यात त्याचे निधन झाले. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन फौजा खार्किवमध्ये शिरल्या, त्याआधी कारखाना सायबेरियात हलवला गेला होता. युद्धानंतर फेड पुन्हा बनू लागला. १९५५ च्या 'फेड-२' ची पाठ निघू लागली आणि कात्रीचे काम संपले. खार्किवच्या नशिबातले युद्ध मात्र संपले नव्हते. २०२२ साली त्या शहरावर पुन्हा तोफगोळे पडले.

माझा फेड जुन्या, तळातून भरायच्या जातीचा आहे. त्याची देखभाल शिकायला मला दोन वर्षे लागली. शटर ताणून ठेवून कॅमेरा कपाटात टाकू नये, स्प्रिंग थकते. शटरचा वेग फिल्म ओढल्यावरच बदलावा. शटरचा पडदा रबर लावलेल्या कापडाचा असतो. लेन्सचे झाकण न लावता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला तर लेन्स भिंगासारखी काम करून पडद्याला भोक पाडते. जुने ग्रीस घट्ट झाले म्हणून वरून तेल सोडू नये, ते पसरून पडद्यावर येते. आणि आपल्या पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नये, लेन्सवर बुरशी धरते. महिन्यातून एकदा रिकामाच दहा-बारा वेळा चालवावा. यंत्राला वापरात ठेवणे हीच त्याची निगा.

आमच्या शाळेत बहुतेक मुले यंत्रमाग चालवणाऱ्या घरांतली आहेत. वर्गातली एखादी वस्तू हरवली की सगळ्यांच्या नजरा ज्याच्याकडे वळतात, असा एक मुलगा प्रत्येक शाळेत असतो. आमच्याकडेही होता. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी कॅमेरा, रोल आणि कात्री त्याच्यापुढे ठेवली. खरे सांगतो, ठेवताना माझाही हात क्षणभर अडला. पहिल्यांदा त्याने छिद्रच कापले. दुसऱ्यांदा कात्री बरोबर मधून गेली. तुटलेला धागा गाठण्याची सवय असलेली बोटे होती ती. रीळ आणि रोल त्याने सारखे धरले, सावकाश आत सोडले, तळ लावला, फिल्म ओढली आणि खुंटीकडे बघत राहिला. ती फिरली.

"सर, हा बनवला कुणी?"

"तुझ्याएवढ्या मुलांनी," मी म्हणालो. "लोक त्यांना चोर म्हणायचे."

त्याने काही विचारले नाही. खिशातून रुमाल काढला, त्या पाच ओळींवरची धूळ पुसली आणि कॅमेरा दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला. मी तो घेतला नाही. सोमवारी आणून दे, म्हणालो.

सोमवारी पहिल्या तासाला कॅमेरा माझ्या टेबलावर होता.