अँथनी गोन्साल्विस : गाण्यातले नाव, नावामागचा माणूस

#थ्रेड

१९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून अमिताभ बच्चन बाहेर पडतात आणि गात गात आपले नाव सांगतात. त्या नावाचा माणूस खरोखर होता. विनोदाशी मात्र त्याचे काही नाते नव्हते.

अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली दक्षिण गोव्यातील माजोर्डा गावी झाला. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. हेतू कलावंत घडवण्याचा नव्हता. मिस्सेला आणि सणाला गाणारे-वाजवणारे हवे असत, एवढेच.

या शिक्षणाचे वेगळेपण समजून घ्यायला हवे. वैराग-बार्शीकडच्या भजनी मंडळात चाल एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात उतरते आणि सारे मिळून एकच सूर धरतात. चर्चमध्ये एकाच वेळी निरनिराळे गळे निरनिराळ्या स्वरपंक्ती गातात. त्यांचा मेळ आधी कागदावर बसवलेला असतो. प्रार्थना एक, वाटा अनेक.

१९४३ मध्ये गोन्साल्विस मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. अशा गोवेकर वादकांची तेव्हा मुंबईत मोठी वस्ती होती. धोबीतलाव परिसरातील त्यांच्या ‘कुडीं’मध्ये, म्हणजे गावोगावच्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये, सायंकाळची रोझरी होत असे, दिवसा मात्र हेच वादक चित्रपटांतील प्रेमगीते वाजवीत. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. तिचा वाद्यमेळ लिहून काढणारा ‘अरेंजर’ बहुधा गोवेकर असे. पडद्यावर नाव झळके ते संगीतकाराचे. देवघरात शिकलेली विद्या बाजारात उत्तम चालली, पण वाजवणारा निनावीच राहिला.

गोन्साल्विसांनी स्वतः अरेंजर म्हणून नाव कमावले, शिष्य घडवले. प्यारेलाल शर्मा त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. तरीही स्टुडिओचे काम त्यांना पुरेसे वाटले नाही. त्यांनी हिंदुस्थानी रागांचा अभ्यास आरंभला आणि एक अवघड प्रश्न हाती घेतला : एकाच स्वररेषेवर उभा असलेला राग चर्चमधल्या त्या अनेक स्वरपंक्तींत मांडता येईल का? राग त्यात विरघळून जाण्याचा धोका होताच. तरी सारंग रागावर त्यांनी व्हायोलिनसाठी रचना लिहिली. १९५८ मध्ये ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. चर्चने दिलेल्या विद्येला जगण्याचे प्रयोजन सापडले ते येथे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

प्रयोगाला परंपरेचे रूप आले नाही. चित्रपटसृष्टीला तीन मिनिटांचे गाणे हवे होते. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. पुढे परतले ते माजोर्ड्यालाच. मुंबईच्या स्टुडिओंत ते पुन्हा फारसे दिसले नाहीत.

ज्या गाण्याने ते नाव घरोघरी नेले, ते लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. शिष्याने गुरूला वाहिलेली ही दक्षिणा. ती विनोदी गाण्यातून का द्यावी, हा प्रश्न चोखंदळ रसिकाला पडू शकतो. पण शिष्याजवळ होते ते गाणेच. बहुसंख्य श्रोत्यांना मात्र हे नाव पटकथेतलेच वाटत राहिले. जानेवारी २०१२ मध्ये गोव्यात गोन्साल्विस यांचे निधन झाले.