टकळीच्या आधीचा वर्ग

वर्धा योजना म्हटले की मुस्लिम समाजाला आठवतो तो वाद. मुस्लिम लीगचा विरोध, १९३८ चा पीरपूर अहवाल, मध्य प्रांतातील ‘विद्यामंदिर’ या नावावरून उठलेले वादळ. या गदारोळात एक गोष्ट मागे पडली ती पडलीच. ही योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण वर्गात मुलांना कसे शिकवावे याविषयी त्यांचे म्हणणे काय होते आणि ते कोणत्या अनुभवातून आले होते, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. टकळी लक्षात राहिली, टकळीमागचा विचार राहिला नाही.

तो विचार वर्ध्यात जन्मला नव्हता. जामिया मिल्लिया इस्लामिया १९२० साली असहकाराच्या लाटेत अलीगढला स्थापन झाली आणि १९२५ साली दिल्लीच्या करोलबागेत आली. तोवर लाट ओसरली होती, खिलाफत चळवळीकडून येणारा पैसा आटला होता. १९२६ साली बर्लिनहून अर्थशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन झाकीर हुसेन परतले, तेव्हा त्यांचे वय होते एकोणतीस. बरोबर आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब हे दोघे मित्र. १९२८ साली जामियाच्या शिक्षकांनी प्रतिज्ञा केली : वीस वर्षे सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. अशा फाटक्या खिशाच्या संस्थेत शिक्षणपद्धतीचे प्रयोग कशाला, असे कोणी विचारले असते तर त्यात नवल नव्हते.

झाकीर हुसेन यांनी जर्मनीत असताना म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ केर्शेनश्टाइनर यांचा विचार आत्मसात केला होता. हातांनी केलेल्या कामातून मूल शिकते, हा त्या विचाराचा गाभा. पण झाकीरसाहेबांनी त्याला जी अट घातली ती फार महत्त्वाची आहे. प्रत्येक काम शिकवते असे नाही. हमाल आयुष्यभर ओझे वाहतो, त्याने त्याचे शिक्षण होत नाही. मुलाने आधी विचार करावा की आपल्याला काय करायचे आहे. मग त्याची आखणी करावी. मग ते तडीस न्यावे. आणि शेवटी आपलेच काम आपणच तपासून त्यातली उणीव शोधावी. या चारपैकी एक पायरी गाळली की उरते ती नुसती मजुरी. पुढे आयुष्यभर ते हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिले.

हा विचार वर्गात उतरवला तो जामियाच्या प्राथमिक शाळेचे प्रमुख अब्दुल गफ्फार मुधोली यांनी. अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धती मांडली होती आणि पंजाबातील मोगा येथे अमेरिकन मिशनच्या शिक्षक प्रशिक्षण शाळेत ती भारतीय खेड्यांच्या मापाची करून वापरली जात होती. मुधोली तेथे जाऊन ती शिकून आले. नावातच इस्लामिया असलेल्या संस्थेचा उस्ताद ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे शिकायला जातो, यात जामियाला काही वावगे वाटले नाही. चांगली तालीम जिथे मिळेल तिथून घ्यायची, ही आपली जुनीच रीत. नाझी राजवट येण्याच्या सुमारास बर्लिनहून आलेल्या गेर्डा फिलिप्सबॉर्न या ज्यू बाईंनी जामियात लहान मुलांचे काम पाहिले. १९४३ साली त्यांचे निधन झाले आणि जामियाच्याच कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आले.

मुधोलींच्या शाळेत मुलांची बँक होती, मुलांचे दुकान होते. ही लुटुपुटूची खेळणी नव्हती. बँक चालवायची म्हणजे खातेवही लिहायला हवी, रक्कम अंकांत आणि अक्षरांत जुळायला हवी. दुकानात माल आणायचा म्हणजे यादी हवी, भाव विचारायला हवेत, नफा-तोटा काढायला हवा. हिशेब चुकला तर मास्तरांची छडी लागत नाही, गल्ल्यात पैसे कमी पडतात. गणिताचा धाक या ठिकाणी संपतो आणि गरज सुरू होते. मुधोली हे सारे करत होते आणि लिहूनही ठेवत होते. त्यांच्या ‘जामिया की कहानी’ या उर्दू पुस्तकात संस्थेची हकीकत नोंदलेली आहे.

आपल्याकडे डी.एड., बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाला ‘कृतिसंशोधन’ हा शब्द ठाऊक असतो. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील अडचण हेरावी, उपाय करून पाहावा, परिणाम नोंदवावा आणि उपाय सुधारावा. कुर्ट लेविन यांनी हा शब्द रूढ केला १९४६ च्या सुमारास आणि स्टीफन कोरी यांनी तो १९५३ साली शाळांपर्यंत आणला. मुधोलींनी तो शब्द हाती येण्यापूर्वीच ती रीत आचरली होती. (आज याच नावाच्या वह्या वर्षानुवर्षे एकमेकांच्या पाहून उतरवल्या जातात, हे शिक्षकबंधूंना वेगळे सांगायला नको.)

एवढी पुंजी घेऊन झाकीर हुसेन २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत आले. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाभोवती सारे विषय आणि त्या उत्पन्नातून हळूहळू शिक्षकाचा पगार, असे ठराव होते. भर सभेत झाकीर हुसेन यांनी दोन गोष्टी सांगितल्या. कामातून शिकवण्याची पद्धत नवी नाही, जगातले शिक्षणतज्ज्ञ तिला प्रकल्प पद्धती म्हणून ओळखतात. आणि स्वावलंबनावर अतिरेकी भर दिला तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमांवर जगणारा मुकादम होण्याचा धोका आहे. गांधीजींच्या समोर, त्यांच्याच मुख्य मुद्द्याविषयी हे बोलायला धैर्य लागते. त्यांनाच समितीचे अध्यक्ष केले गेले, हे गांधीजींचेही मोठेपण.

अहवाल २ डिसेंबर १९३७ रोजी सादर झाला. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला तीन तास वीस मिनिटे, मातृभाषेला चाळीस, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस. हे प्रमाण वाचून आजही शंका येते. पण त्याच अहवालात आर्थिक बाजू शिक्षणावर मात करील असा स्पष्ट इशारा आहे आणि त्यावर सुचवलेला उपाय आहे शिक्षक. त्याच्यासाठी तीन वर्षांचे पूर्ण प्रशिक्षण, आणि घाई असेल तर एक वर्षाचे. जामियाने १९३८ साली ‘उस्तादों का मदरसा’ त्यासाठीच काढला.

झाले उलटेच. सूत मोजता येते, विचार मोजता येत नाही. म्हणून तपासणीला आलेला अधिकारी सूत मोजत असे. काँग्रेस मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले; बिहारात चंपारण्यातील शाळा टिकून राहिल्या, ओरिसात १९४१ साली सरकारने प्रयोग गुंडाळला. लीगच्या विरोधाबद्दल बोलायचे तर धार्मिक शिक्षण वेळापत्रकात का नाही, हा प्रश्न विचारण्याचा पालकांना हक्क होता आणि त्याला अधिक सविस्तर उत्तर मिळायला हवे होते. पण ‘विद्यामंदिर’ ही मध्य प्रांताची वेगळी योजना होती आणि तिचा राग वर्धा योजनेवर निघाला. झाकीर हुसेन दोन्ही बाजूंनी बोलणी खात राहिले. आपल्या मुलांचा वर्ग कसा असावा, यावर त्या वादात कोणी चार वाक्येही बोलले नाही.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने या विचाराला कार्यानुभव असे नवे नाव दिले. महाराष्ट्रातल्या शाळांत तो विषय आला, त्याला तासिका मिळाली, गुणही मिळाले. माझ्या पिढीच्या मुलांनी त्या तासाला कागदी फुले केली. काय करायचे ते मास्तरांनी फळ्यावर आधीच लिहिलेले असे.