काणकोण नगरपालिका : किनारा आणि डोंगर

गोव्याच्या दक्षिण टोकास, कारवारच्या सीमेला लागून काणकोण तालुका आहे. काणकोण नावाची नगरपालिका असली, तरी त्या नावाचे सलग शहर मात्र कोठे दिसत नाही. चावडीचा बाजार, नगर्से, पाळोळे, पाटणे आणि त्यांच्या मधली भातशेती व माडांच्या बागा मिळून ही पालिका बनते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सोंदेकरांचा हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि नव्या काबिजादीत गणला गेला.

येथील अर्थकारण ऋतूवर चालते. पावसाळा सरताच पाळोळे, पाटणे येथे लाकूड-बांबूच्या पर्यटक कुटी उभ्या राहतात आणि मृगापूर्वी त्या उतरवल्या जातात. या हंगामी वस्तीचा कचरा आणि सांडपाणी यांचा भार मात्र मूळ गावावरच पडतो.

किनाऱ्याचे पुष्कळसे भवितव्य डोंगरात ठरते, आणि डोंगर पालिकेच्या हद्दीबाहेर आहे. 2 ऑक्टोबर 2009 रोजी अतिवृष्टीने दरडी कोसळल्या, नद्या-नाले फुगले आणि चावडी परिसरासह तालुक्यातील अनेक घरे पडली. ज्या उतारांवरून ते पाणी आले, ते गावडोंगरी, खोतीगाव, श्रीस्थळ अशा पंचायतींकडे येतात. तेथील वेळीप समाजाला 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. अशाच उतारांवर पावसाळी पीक म्हणून घेतल्या जाणाऱ्या खोल्याच्या मिरचीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले.

त्याच वर्षी महामार्गाचा बगलमार्ग खुला झाला. लांब पल्ल्याच्या वाहनांना आता चावडीच्या बाजारातून जावे लागत नाही.