एक्स्ट्रा माइल आणि आजीची ‘येठ’

(या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे’ जमेल तेवढे काढलेत. राहिले असतील तर समजून घ्या.)

रत्नागिरीतून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज येईल, तो एडिट करून जात नाही. आजचा विषय आहे अंतर. म्हणजे मैल, कोस, मजल, आणि त्यांच्यावरून आलेले वाक्प्रचार. विषय सुचला तो ऑफिसच्या एका कॉलमुळे.

झालं असं, की मागच्या महिन्यात आमचं एक रिलीज होतं. मी घरूनच काम करतो. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजर कॉलवर म्हणाला, ‘गाइज, या वीकेंडला सगळ्यांनी एक्स्ट्रा माइल जायचंय.’ शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी रात्री दीड वाजता मी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलोय, तर आजी पाणी प्यायला उठली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काय रं, येठीला धरलाय काय तुला?’

येठ, म्हणजे वेठ. आमच्याकडे बोलताना वेळेची येळ होते, तशी वेठीची येठ. मी हसलो. म्हटलं, आजी, याला एक्स्ट्रा माइल म्हणतात. ती म्हणाली, ‘पैसं जास्ती देतत?’ म्हटलं, नाही. ‘मग येठच ती.’ आणि झोपायला गेली.

मला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. पण डोक्यातून जाईना. शेवटी त्या वाक्प्रचाराच्या मागे लागलो, आणि मंडळी, आजी बरोबर निघाली. अगदी शब्दशः बरोबर.

‘एक्स्ट्रा माइल’ आलाय बायबलमधून. मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो, की कुणी तुला जबरदस्तीने एक मैल चालवलं, तर त्याच्याबरोबर दोन मैल जा. आता प्रश्न असा, की जबरदस्तीने मैलभर कोण चालवत होतं? तर रोमन सैनिक. तो मुलूख रोमच्या ताब्यात होता. सैनिक रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही थांबवून सांगू शकत, उचल हे ओझं आणि चल. मूळ ग्रीकमध्ये यासाठी जे क्रियापद आहे, तेच पुढे येशूचा क्रूस वाहायला लावलेल्या सायमनच्या बाबतीत परत येतं. तो शब्द ग्रीकमध्ये आला इराणी बादशहांच्या टपालाच्या व्यवस्थेवरून. म्हणजे सरकारी टपाल, सरकारी ओझं आणि वाटेत सापडलेला माणूस, असा त्याचा इतिहास.

यानंतर मी मराठी बायबलचं एक प्रचलित भाषांतर उघडलं. तिथे मैलाचा कोस झालाय. आणि जबरदस्तीसाठी कोणता शब्द आहे? वेठ! आजीचाच शब्द.

म्हणजे बघा, इंग्रजी वाक्प्रचाराने दुसरा मैल तेवढा लक्षात ठेवला आणि पहिला विसरून गेला. दुसरा मैल स्वतःहून चालायचा होता. ज्याच्यावर सक्ती झालीय, त्याने स्वतःची मान ताठ ठेवायची ती एक रीत होती. पण तिला अर्थ आला पहिल्या मैलाच्या सक्तीमुळे. आज ‘एक्स्ट्रा माइल’ म्हणतो तो ओझं वाहणारा नसतो, ओझं देणारा असतो.

आता जरा मोजमापाकडे येऊ. मैल हा शब्द लॅटिनमधल्या ‘हजार’वरून आलाय. हजार दुहेरी पावलं, डावा-उजवा मिळून एक. रोमन मैल साधारण १.४८ किलोमीटरचा. आपला कोस आला संस्कृत ‘क्रोश’वरून. क्रोश म्हणजे आरोळी. हाक जिथपर्यंत पोचते, तिथपर्यंतचं अंतर. पुढे कोस वाढत वाढत दोन मैलांच्या आसपास गेला, आणि मूळ अर्थ ‘हाकेच्या अंतरावर’मध्ये शिल्लक राहिला. मजल आली अरबी ‘मंझिल’वरून, एका दिवसात होणारी चाल, मुक्कामापर्यंतची. ‘मजल दरमजल’ म्हणजे मुक्कामामागून मुक्काम करत. गंमत कळली का? ही सगळी मापं माणसाच्या अंगातून आलीत. पाय, गळा, दिवसभराचा दम. पण कुणाचे पाय, हे मापात लिहिलेलं नसतं.

आपला लाडका वाक्प्रचार घ्या, ‘अटकेपार झेंडा लावणे’. १७५८ साली मराठी फौजा सिंधू नदीवरच्या अटकेपर्यंत पोचल्या, त्यावरून तो आला. पुण्याहून अटक, विचार करा. एवढं अंतर काही नुसते घोडेस्वार जात नाहीत. मागे तंबू, भांडी, दाणागोटा, बैल, आणि ते सगळं हाकणारी, वाहणारी, रांधणारी माणसं असतात. त्यांना शब्द होता ‘बाजारबुणगे’. झेंड्याचा झाला अभिमानाचा वाक्प्रचार, आणि ओझं वाहणाऱ्यांच्या नावाची झाली शिवी. भाषेचा हिशेब असा असतो.

म्हणून मला ‘वेठ’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. तो विसरलेला नाही. आणि तो जुना किती? संस्कृतमध्ये ‘विष्टि’, म्हणजे राजाने फुकट करून घेतलेलं काम. गुजरातेत जुनागढजवळ, गिरनारच्या पायथ्याशी एका खडकावर रुद्रदामन राजाचा शिलालेख आहे, साधारण इ.स. १५०चा. तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त केल्याचं त्यात आहे, आणि राजा मुद्दाम सांगतो, की हे काम मी प्रजेकडून विष्टि न घेता केलं. आता राजा जे ‘केलं नाही’ म्हणून दगडावर कोरतो, ते बाकीचे राजे सर्रास करत असणार ना! त्या विष्टीची झाली वेठ. तिला फारसीतून आलेला बिगार जोडला गेला, आणि शब्द झाला वेठबिगार.

आता येऊ आपल्या रत्नागिरीत. इथे वेठ पुस्तकात नव्हती, वाडीत होती. कोकणात खोती होती. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्या मधला वसुलीदार. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते. तो सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून धान्यात कितीतरी जास्त वसूल करायचा. वर वेठ. त्याच्या शेतात फुकट राबायचं, त्याचं ओझं वाहायचं. आमचा मुलूख असा, की वाट एकतर चढते नाहीतर उतरते. जांभ्या दगडाच्या पाखाड्या, तिथे बैलगाडी कुठली जाणार? माल माणसाच्या डोक्यावरूनच जायचा.

आमचं घर कुळाचं. मी विचारल्यावर आजीने सांगितलं, की तिचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, खोताचं ओझं डोक्यावर घेऊन बंदरापर्यंत जायचे. पहाटे निघायचं, उन्हं चढेपर्यंत पोचायचं, आणि परत येऊन स्वतःची लावणी. ‘किती कोस गं?’ मी विचारलं. तिला कोस माहीत नव्हते. ती म्हणाली, ‘दोन येळा ओझं उतरवायचं, येवढं लांब.’ असं अंतर कुठल्याच मॅपवर नाही.

आणि ज्यांच्याकडे कूळ म्हणून कसायला जमीनही धड नव्हती, त्यांची वेठ याहून वाईट. महार वतनात सरकारी टपाल पोचवणं, साहेबाला वाट दाखवणं, त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत नेणं, मयताचा निरोप गावोगाव सांगत जाणं, हे सगळं ‘काम’ होतं. दिवस-रात्र केव्हाही बोलावणं. एकजण गावात नसेल, तर घरातल्या दुसऱ्याला जावं लागे.

याविरुद्ध कायदेमंडळात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाविषयीचं बिल मांडलं. १७ सप्टेंबर १९३७ला खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. जानेवारी १९३८मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर मोर्चा घेऊन गेले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचं ओझं घेऊन चाललेले पाय त्या दिवशी स्वतःच्या कामासाठी चालले. ते बिल तेव्हा पास झालं नाही. खोती निर्मूलनाचा कायदा आला १९४९ला आणि अमलात आला १९५०मध्ये. गावकीची कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा १९५८चा.

मधे राज्यघटना आली. तिचं कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं. घटनेचा इंग्रजी मजकूर काढून बघा, तिथे त्या इंग्रजी वाक्यात शब्द वापरलाय ‘बेगार’. सरळ आपल्याकडचा शब्द तसाच उचललाय. म्हणजे घटनेच्या इंग्रजीला वेठ आठवते, आमच्या कॉलवरच्या इंग्रजीला आठवत नाही!

अर्थात मराठीनेही फार ऐटीत राहू नये. आज ‘वेठीस धरणे’ पेपरात कधी दिसतं? संप झाला की. ‘कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं.’ प्रवाशांचे हाल होतात, खोटं नाही. पण जो शब्द फुकट राबणाऱ्याचा होता, तो काम थांबवणाऱ्यावर उलटला. शब्दही कधी कधी मालकाच्या घरी कामाला जातात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माझा लॅपटॉप आणि पणजोबांचं ओझं मी एका तराजूत घालणार नाही. मला पगार आहे, डोक्यावर पंखा आहे, नोकरी सोडायची मोकळीक आहे. त्यांना गाव सोडलं तर जमीन नव्हती. दोन्ही सारखं म्हटलं तर तो त्यांचा अपमान होईल. पण आजीने विचारलेला प्रश्न दोन्हीकडे लागू पडतो. जास्तीचं चाललास, ते तू ठरवलंस की दुसऱ्याने? आणि मोबदला काय?

परवा पुन्हा कॉल झाला, पुन्हा एक्स्ट्रा माइल. मी म्यूट काढला आणि म्हटलं, ‘जाऊ ना. फक्त कॉम्प-ऑफ कधी मिळणार, तेवढं मेलवर लिहून द्या.’ दोन सेकंद शांतता. मग टीममधल्या दोघांनी हात वर करायचं बटण दाबलं. मॅनेजर म्हणाला, बघतो. मेल अजून आलेला नाही. आला की सांगेन.

आजीला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘इचारलास ना? बास.’

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, त्यांचे आईवडील कुणाचं ओझं घेऊन कुठपर्यंत चालत जायचे. जे सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. अशी अंतरं मोजणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.