लोणीची पतपेढी आणि प्रवरेचा कारखाना

जालना जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, अंबड तालुक्यात, अंकुशराव टोपे यांच्या पुढाकाराने समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्याने शेतकऱ्यांचे भांडवल गोळा करून कारखाना काढावयाचा, या प्रथेचे मूळ पाहू गेल्यास प्रवाहाच्या वरच्या अंगास, प्रवराकाठच्या लोणी गावी जावे लागते. प्रवरा गोदावरीस मिळते व तेच पाणी पुढे जायकवाडीत येते.

लोणीचे शेतकरी विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण नाममात्रच होते. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी स्थापन केली. ज्या पुणे-नगर मुलखात १८७५ साली कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले होते, त्याच मुलखातील ही घटना होय. विखे पाटलांचे नाव साखर कारखान्याशी जोडले जाते. परंतु त्यांच्या कार्याचे खरे मर्म या पतपेढीत आहे. थोड्या रकमांच्या देवघेवीतून जो विश्वास जमला, तोच पुढे भागभांडवलाच्या रूपाने उभा राहिला.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पाणी मिळाले, पण जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि बागाइतदार कर्जात रुतला. खाजगी साखर कंपन्या खंडाने जमिनी घेऊ लागल्या. मालक आपल्याच रानात मजुरीस जाऊ लागला. १९४५ साली बेलापूर येथे कालव्यांवरील बागाइतदारांची परिषद धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्यानंतर विखे पाटलांनी गावोगाव हिंडून भाग गोळा केले. १९४८ साली कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम सुरू झाला. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना असे त्याचे वर्णन करण्यात येते, ते काटेकोर नव्हे. आंध्रात एटिकोप्पाका येथे १९३३ सालीच असा प्रयत्न झाला होता. महाराष्ट्रापुरते मात्र प्रवरेचे अग्रस्थान निर्विवाद आहे.

प्रारंभीची वर्षे अध्यक्षपद गाडगीळांकडे आणि उपाध्यक्षपद विखे पाटलांकडे होते. ज्याने गावकऱ्यांकडून पैसा आणला, त्याने शासनाशी व्यवहार करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञास पुढे केले, यात त्यांची व्यवहारदृष्टी दिसते. पुढे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली. १९८० साली त्यांचे निधन झाले.

लोणीच्या सहकाराने एका कालव्यावरील शेतकरी एकत्र आणला. वरच्या आणि खालच्या कालव्यांवरील शेतकऱ्यांना जोडणारी तशी संस्था काही निर्माण झाली नाही. वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडावे, हा वाद अखेर न्यायालयात गेला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार खाली पाणी सोडावे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला.