समरहिलच्या घरातली भावंडं

चंडीगडहून आजचा हा भाग.

मागच्या वेळी आपण पंजाबातल्या मिशनांविषयी बोललो. त्यानंतर नगरकडच्या एका ताईंनी विचारलं, "आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात. पण माझा सख्खा भाऊ माझ्या बाप्तिस्म्यापासून घरी येत नाही. मग मी भाऊ म्हणायचं कुणाला?"

या प्रश्नाने मला दोन रात्री झोपू दिलं नाही. आमच्याही घरात हे झालंय. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या थोरल्या भावाने घेतला नाही. बांधाला बांध लागून शेत, पण मरेपर्यंत एकमेकांच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. तेव्हा ताई, पाळकसाहेबांसारखं उत्तर माझ्याकडून होणार नाही. मी इतिहासातलं एक घर दाखवतो.

इथून तासाभराच्या आत कालका येतं. तिथून शिमल्याची छोटी गाडी सुटते, १९०३ साली सुरू झालेली. शिमल्याच्या अगदी अलीकडचं स्टेशन समरहिल. तिथे मॅनरव्हिल नावाचा बंगला आहे. आपली गोष्ट त्या बंगल्यातल्या भावंडांची, पण सुरुवात होते त्यांच्या वडिलांपासून.

वडील म्हणजे राजा हरनाम सिंह, कपूरथळ्याच्या शीख राजघराण्यातले. थोरले भाऊ खडक सिंह गादीवर बसले. पुढे वारशावरून घरात तेढ आली आणि हरनाम सिंह कपूरथळा सोडून अवधमधल्या जमिनींचा कारभार बघायला लखनौकडे गेले. जालंधरला गोलकनाथ चॅटर्जी नावाचे बंगाली मिशनरी होते. त्यांच्या सहवासात हरनाम सिंह ख्रिस्ती झाले आणि त्यांच्याच मुलीशी, प्रिसिलाशी, त्यांनी लग्न केलं. (वकील मंडळींचे कान गोलकनाथ म्हटल्यावर टवकारले असतील. १९६७ चा मूलभूत हक्कांवरचा गाजलेला खटला जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाचाच. पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

म्हणजे या घराची पहिली पिढी भावकीपासून तुटलेली. बाप्तिस्म्याने तोडली असं सरळ म्हणता येत नाही. गादी आधी होती, धर्म नंतर त्यात आला. आपल्याकडेही असंच बघायला मिळतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई कित्येक वर्षं नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं, त्यांना ठाऊक आहे की धर्माच्या भांडणात सोवळं, लोक काय म्हणतील ही भीती आणि पैसा किती मिसळलेले असतात. माझ्या आजोबांच्या भांडणातही विहिरीचा वाटा होताच. हे मला फार उशिरा कळलं.

आता दुसरी पिढी. हरनाम सिंहांना बरेच मुलगे आणि एकुलती एक मुलगी. मुलगी म्हणजे राजकुमारी अमृत कौर. भावांपैकी आपल्याला दोघे पुरे. एक महाराज सिंह. 'महाराज' हा किताब नव्हे बरं का, नावच. दुसरे शमशेर सिंह, लष्करी हुद्द्याचे डॉक्टर. गांधीजी पत्रांत त्यांना शम्मी म्हणत.

घरी गोपाळ कृष्ण गोखल्यांचं येणंजाणं होतं. गांधीजींचं नाव अमृत कौरांच्या मनात पहिल्यांदा रुजलं ते गोखल्यांमुळे. वडील १९३० मध्ये वारले आणि १९३४ नंतर त्या गांधीजींकडे गेल्या. इंग्लंडात शिकलेली ही राजकन्या आपल्या वर्ध्याच्या आश्रमात चिटणिसाचं काम करू लागली. इकडे भाऊ महाराज सिंह सरकारी नोकरीत चढत गेलेले. १९३२ ते ३५ दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थान सरकारचे एजंट जनरल, नावामागे 'सर'.

आता १९४२ बघा. ऑगस्टमध्ये शिमल्यात बहीण मिरवणुका काढते, लाठ्या पडतात. तिला अटक झाली ती कालक्याला आणि ठेवलं अंबाल्याच्या तुरुंगात. दोन्ही गावं चंडीगडपासून हाकेच्या अंतरावर, फक्त तेव्हा चंडीगड शहर नव्हतं. तब्येत ढासळली म्हणून तिला शिमल्याला आणून सुमारे वीस महिने घरातच स्थानबद्ध केलं. आणि त्याच मुदतीत, १९४३ मध्ये, भाऊ काही काळ काश्मीर संस्थानाचा पंतप्रधान! एकाच आईबापाची लेकरं, एकच प्रार्थनेचं पुस्तक; एक सरकारच्या पंगतीत, एक सरकारच्या कैदेत.

या घरात मला मोठा वाटतो तो शम्मी. त्याच्यावर कुणी पुस्तक लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. हा पेन्शनर डॉक्टर आश्रमवासी झाला नाही. पण बहिणीचे बापू शिमल्याला आले की मुक्काम मॅनरव्हिलला. १९४५ च्या शिमला परिषदेच्या वेळीही गांधीजी तिथेच उतरले होते. अमृत कौरांना लिहिलेल्या गांधीजींच्या पत्रांचं पुस्तक निघालंय. त्यात शम्मीची चौकशी पुन्हा पुन्हा येते. बहिणीचं राजकारण पटो न पटो, तिचा पाहुणा आपल्या दारात परका नाही, एवढं या भावाने सांभाळलं.

शुभवर्तमानात याहून गोड चित्र नाही, हेही सांगतो. पहिल्या चार शिष्यांत भावांच्या दोन जोड्या आहेत, पेत्र-अंद्रिया आणि याकोब-योहान. पण आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत असा निरोप आला, तेव्हा प्रभूने समोर बसलेल्यांनाच आपली आई, आपले भाऊ म्हटलं. योहान तर स्पष्ट लिहितो की त्याच्या भावांचाच त्याच्यावर विश्वास नव्हता. आणि पुढे काय झालं? पौल सांगतो की पुनरुत्थित येशू याकोबाला दिसला, आणि प्रभूचा भाऊ म्हणून ओळखला जाणारा हा याकोब यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला. मधल्या काळात दोघा भावांत काय बोलणं झालं, कुणी लिहिलेलं नाही. मला ती कोरी जागा आवडते. चर्चमध्ये पुष्कळ ब्रदर मिळाले म्हणून सख्ख्याचा हिशेब मिटवून टाकायची घाई करू नये, असं मी तिच्यावरून समजतो. चूक असेन तर पाळकांनी कान धरावा.

स्वातंत्र्यानंतर बहीण देशाची पहिली आरोग्यमंत्री झाली. भाऊ ६ जानेवारी १९४८ ला मुंबईचा राज्यपाल झाला, त्या पदावरचा पहिला भारतीय. चोवीस दिवसांनी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारेकरी पुण्याचा, म्हणजे भावाच्या प्रांतातला. गेलेला माणूस म्हणजे बहिणीने ज्याच्यापायी राजवाड्याचं सुख सोडलं तो. त्या आठवड्यात या भावंडांनी एकमेकांना काय लिहिलं असेल, हे मी अनेकदा मनात घोळवलंय.

महाराज सिंहांची एक गंमत सांगतो, नाहीतर मुंबईकर रागावतील. नोव्हेंबर १९५० मध्ये, ७२ व्या वर्षी, ते राज्यपालांच्या संघाचे कप्तान म्हणून कॉमनवेल्थ संघाविरुद्ध फलंदाजीला उतरले आणि चार धावा काढल्या. इतक्या वयात प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये पदार्पण आजवर कुणी केलेलं नाही.

ते १९५९ मध्ये गेले. अमृत कौर ६ फेब्रुवारी १९६४ ला. त्या शेवटपर्यंत ख्रिस्ती होत्या, अंत्यसंस्कार मात्र शीख रीतीने, अग्नी देऊन झाले. हरनाम सिंहांनी मागे सोडलेलं घर मुलीच्या चितेपाशी असं परत आलं.

आणि तो बंगला? मंत्री असताना त्यांनी दिल्लीत एम्स उभं केलं, कायदा १९५६ चा. मॅनरव्हिल त्यांनी आणि एका भावाने मिळून त्याच एम्सला देऊन टाकला, परिचारिका आणि कर्मचाऱ्यांना सुट्टीत राहायला. ताई, तुम्ही कधी इकडे आलात तर कालक्याहून छोट्या गाडीत बसा आणि शिमल्याच्या एक स्टेशन आधी उतरा. जमलं तर भावालाही विचारा, येतोस का म्हणून.