जीवामृत

जीवामृत हे गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ, मूठभर माती व पाणी यांचे मिश्रण आंबवून शेतकऱ्याने घरीच तयार करावयाचे द्रवरूप सेंद्रिय संवर्धक आहे. रासायनिक खतांना पर्याय म्हणून विदर्भातील शेतकरी सुभाष पाळेकर यांनी ते आपल्या नैसर्गिक शेती पद्धतीचा भाग म्हणून प्रचारात आणले. महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेशात त्याचा विशेष वापर होतो. बोलीभाषेत त्याला सरसकट 'खत' म्हटले जात असले, तरी पिकाला थेट अन्नद्रव्ये पुरविणे हे त्याचे मुख्य कार्य नव्हे. जमिनीतील सूक्ष्मजीवांची संख्या वाढविणारे ते एक प्रकारचे विरजण आहे. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे जीवामृताविषयी अवास्तव अपेक्षा आणि अवाजवी टीका अशा दोन्ही गोष्टी संभवतात.

पार्श्वभूमी

पाळेकर हे अमरावती जिल्ह्यातील बेलोरा गावचे असून त्यांनी नागपूर येथे कृषी विषयाचे शिक्षण घेतले. १९७०च्या दशकात त्यांनी वडिलोपार्जित शेतीत रासायनिक निविष्ठा वापरण्यास प्रारंभ केला. पहिली काही वर्षे उत्पादन वाढले व १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर ते घटू लागले, असे ते सांगतात. त्यानंतर केलेल्या प्रयोगांतून त्यांनी बीजामृत (बीजप्रक्रियेसाठी), जीवामृत, आच्छादन आणि वाफसा या चार घटकांवर आधारलेली पद्धत मांडली. 'झिरो बजेट नैसर्गिक शेती' या नावाने ती ओळखली गेली. पुढे तिला पाळेकरांचे नाव जोडण्यात आले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला.

यांपैकी 'वाफसा' हा शब्द मराठी शेतकऱ्याचा जुनाच आहे. मातीच्या कणांमधील पोकळीत पाणी तुंबलेले नाही, ओल आणि हवा मात्र दोन्ही आहेत, अशी जमिनीची स्थिती म्हणजे वाफसा. जीवामृतातील बहुतेक उपयुक्त जीवाणूंना याच स्थितीची गरज असते. त्यामुळे चिबड जमिनीत जीवामृत ओतून फारसा उपयोग होत नाही.

जीवामृत आणि पंचगव्य एकच नव्हेत. पंचगव्यात शेण व गोमूत्राबरोबर दूध, दही आणि तूपही असते, तसेच ते प्रामुख्याने फवारणीसाठी वापरतात.

घटक व कृती

एक एकर क्षेत्रासाठी २०० लीटर पाणी, १० किलो ताजे शेण, ५ ते १० लीटर गोमूत्र, १ ते २ किलो गूळ, १ ते २ किलो बेसन किंवा अन्य कडधान्याचे पीठ आणि मूठभर माती असे प्रमाण सांगितले जाते. माती शेताच्या बांधावरची किंवा जुन्या झाडाखालची, म्हणजे जिच्यावर रासायनिक खत वा तणनाशक पडलेले नाही अशी घेतात. तिचे वजन नगण्य असले तरी स्थानिक हवामानाला सरावलेले सूक्ष्मजीव तिच्यातून येतात.

मिश्रण प्लॅस्टिकच्या टिपाडात किंवा सिमेंटच्या टाकीत, सावलीत ठेवतात. धातूचे भांडे आंबवणाच्या आम्लाने गंजत असल्याने टाळले जाते. टिपाडाचे तोंड गोणपाटाने झाकतात. घट्ट झाकण लावल्यास आत वायू साठतो. सकाळ-संध्याकाळ लाकडी काठीने मिश्रण ढवळावे लागते. ढवळणे एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे असावे असे सांगण्याची प्रथा आहे. ढवळण्याचा खरा लाभ मात्र हवा मिसळण्यात आहे, दिशेत नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत मिश्रण वापरण्याजोगे होते, हिवाळ्यात त्याला अधिक काळ लागतो. वास आंबूस असावा. कुजका, नाकात जाणारा दुर्गंध आल्यास हवा अपुरी पडली असे समजतात.

गूळ जीवाणूंना तत्काळ ऊर्जा देतो, तर पीठ त्यांना प्रथिने, म्हणजेच नत्र, पुरविते. रंग उजळ करण्यासाठी रसायने वापरलेला पिवळाधमक गूळ टाळून काळसर गूळ घेण्याची शिफारस केली जाते. गूळ महाग वाटल्यास उसाचा रस किंवा अतिपक्व फळांचा गरही चालतो.

तयार जीवामृत साधारण आठवड्याभरात वापरावे असा प्रघात आहे. बंगळुरू येथील कृषी विद्यापीठातील एका अभ्यासात मात्र जीवाणूंची संख्या ९ ते १२ व्या दिवसांच्या दरम्यान सर्वाधिक आढळली. ते पाटाच्या पाण्याबरोबर सोडतात, ओल्या जमिनीवर शिंपडतात किंवा गाळून व पातळ करून पिकावर फवारतात. ठिबक संचातून द्यावयाचे असल्यास दुहेरी कापडातून गाळणे अपरिहार्य ठरते. अन्यथा तोट्या बुजतात. पालेभाज्या, कोथिंबीर यांसारखी कच्ची खाल्ली जाणारी पिके काढणीला आली असताना पानांवर फवारणी करू नये, कारण कच्च्या शेणात रोगकारक जीवाणूही असू शकतात.

पाण्याची सोय नसलेल्या जिरायती शेतीसाठी घनजीवामृत हा सुका प्रकार अधिक सोयीचा आहे. सुमारे १०० किलो शेणात गूळ, पीठ, माती व थोडे गोमूत्र कालवून ते सावलीत वाळवितात, कुटून पोत्यांत भरतात आणि पेरणीच्या वेळी बियाण्याबरोबर किंवा शेणखतात मिसळून देतात. ते काही महिने टिकते.

अन्नद्रव्यांचा हिशेब

जीवामृताविषयीच्या वादाचे मूळ साध्या अंकगणितात आहे. १० किलो ओल्या शेणात सुमारे ५० ग्रॅम, १० लीटर गोमूत्रात सुमारे ८० ते १०० ग्रॅम आणि २ किलो बेसनात सुमारे ७० ग्रॅम नत्र असते. म्हणजे २०० लीटरच्या टिपाडात सर्व मिळून जेमतेम २०० ग्रॅम नत्र भरते. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत ते २० किलोंहून थोडे अधिक, म्हणजे शंभर पट असते. महाराष्ट्रात आडसाली उसासाठी हेक्टरी ४०० किलो, म्हणजे एकरी १६० किलो नत्राची शिफारस आहे. केवळ जीवामृतातून ते द्यावयाचे झाल्यास एका एकराला ८०० टिपाडे लागतील.

समर्थकांचे उत्तर असे, की जीवामृत हे अन्न नसून अन्न मिळवून देणारे साधन आहे. जमिनीत स्फुरद, पालाश व सूक्ष्म अन्नद्रव्ये विपुल असतात, परंतु ती पिकाला घेता येईल अशा रूपात नसतात. जीवाणू ती विरघळवितात आणि काही जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. हा युक्तिवाद अंशतः ग्राह्य आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत दिलेल्या स्फुरदाचा मोठा भाग चुन्याशी बद्ध होऊन पडून राहतो, आणि सेंद्रिय आम्ले सोडणारे जीवाणू त्यातील काही अंश मोकळा करू शकतात. तथापि पीक दरवर्षी शेताबाहेर जाते व त्याबरोबर स्फुरद-पालाशही जाते. विरघळविण्याने साठा वापरता येतो, वाढत नाही. पिकाच्या वजनाचा सुमारे दीड टक्काच भाग जमिनीतून येतो, हे पाळेकरांचे प्रतिपादनही याच कारणाने दिशाभूल करू शकते. तो भाग अल्प असला तरी त्याला पर्याय नसतो.

२०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पीय भाषणात झिरो बजेट शेतीचा उल्लेख झाल्यानंतर राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने पुरेशा शास्त्रीय पुराव्याविना या पद्धतीचा प्रसार करण्यास जाहीर विरोध दर्शविला.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा या प्रश्नाची दोन टोके एकाच ठिकाणी दाखवितो. पश्चिमेला अकोले तालुक्यातील सह्याद्रीचा अतिपावसाचा डोंगराळ पट्टा आहे, तर जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. मधल्या प्रवरा व मुळा खोऱ्यांत कालव्यांची बागायत आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्याने येथे ऊस रुजला आणि १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उसाबरोबर पाणी व रासायनिक खते यांचा वापर वाढत गेला. निचरा न झालेल्या कालव्याखालील जमिनी ठिकठिकाणी खारवट व चोपण झाल्या. हा दोष प्रामुख्याने पाण्याचा आहे. तो एकट्या युरियाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. चोपण जमीन केवळ जीवामृताने सुधारत नाही. तिला आधी चर आणि मग जिप्सम व सेंद्रिय पदार्थ लागतात.

ऊसपट्ट्यात जीवामृताचा सर्वांत पटण्याजोगा उपयोग पाचट कुजविण्यासाठी होतो. तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट मागे राहते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि जवळजवळ एक टक्का पालाश असते. म्हणजे १० टन पाचटात सुमारे ५० किलो नत्र आणि १०० किलोंच्या आसपास पालाश. पेटविल्यास त्यातील नत्र व सेंद्रिय कर्ब धुरावाटे निघून जातात. पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असल्याने ते संथपणे कुजते. म्हणून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजविणारे जीवाणू टाकण्याची कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. नैसर्गिक शेती करणारे शेतकरी त्याऐवजी पाटाच्या पाण्यातून जीवामृत सोडतात. त्यातून जीवाणू मिळतात, परंतु युरियातून मिळणारे नत्र मिळत नाही, त्यामुळे कुजण्यास अधिक काळ जातो. सऱ्यांमध्ये चवळी किंवा हरभऱ्यासारखे कडधान्याचे आंतरपीक घेतल्यास ही उणीव काही प्रमाणात भरून निघते.

दुसरा प्रश्न गाईचा. पाळेकरांच्या पद्धतीत देशी गाईचेच शेण लागते, आणि एक देशी गाय ३० एकरांना पुरते असे त्यांचे म्हणणे आहे. अहिल्यानगर हा मात्र संकरित गाईंच्या दुग्धव्यवसायाचा जिल्हा आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही दुधाळ गाय विकसित केली. संगमनेर, राहाता, राहुरी येथील गोठ्यांत शेण मुबलक असते, पण ते बहुतांशी अशाच गाईंचे. सूक्ष्मजीव केवळ देशी गाईच्याच शेणात असतात असे नाही. शेणातील जीवाणू जनावराचा चारा, पचन आणि औषधोपचार यांवर बरेच अवलंबून असतात. प्रतिजैविकांचा उपचार चालू असलेल्या जनावराचे शेण वगळणे, हा जातीपेक्षा अधिक उपयोगी नियम ठरावा. अकोल्याच्या डोंगराळ भागात मात्र डांगी ही अतिपावसात टिकणारी देशी जात आजही आढळते. बीजमाता म्हणून परिचित असलेल्या आणि पद्मश्री सन्मान लाभलेल्या राहीबाई पोपेरे यांचे कोंभाळणे हे गाव याच तालुक्यात आहे. गावरान वाणांचे बियाणे जपण्याचे त्यांचे कार्य सेंद्रिय शेतीशी जोडलेले आहे. गावरान वाण कमी अन्नद्रव्यांवर तग धरतात. भरघोस खत गृहीत धरून निवडलेल्या संकरित वाणांपेक्षा अशा वाणांना जीवामृताची पद्धत अधिक मानवते.

जिरायती बाजरी, तूर, मूग, हुलगा यांची नत्राची गरज मुळातच कमी असते, आणि यांपैकी बाजरी वगळता बाकीची पिके मुळांवरील गाठींतून स्वतःचे बरेचसे नत्र मिळवितात. येथे खर्चातील बचत हाच मुख्य लाभ आहे. रांगड्या व उन्हाळी कांद्याचे चित्र वेगळे आहे. त्याला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असून खते एकाएकी बंद केल्यास पहिल्या हंगामांत कांदा लहान राहण्याचा धोका असतो, आणि बाजारात लहान कांद्याला भाव मिळत नाही. त्यामुळे शेणखत किंवा गांडूळखताची जोड देऊन, रासायनिक मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करीत जाणे अधिक सुरक्षित मानले जाते. माती परीक्षणातील सेंद्रिय कर्बाचा आकडा दर दोन-तीन वर्षांनी तपासल्यास मात्रा किती कमी करावी याचा अंदाज येतो.

शासकीय योजना

केंद्र शासनाची परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून, तर राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान नोव्हेंबर २०२४ मधील मंजुरीनंतर राबविले जात आहे. महाराष्ट्रात विदर्भापासून सुरू झालेले डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन याच क्षेत्रात कार्य करते. अशा योजनांमध्ये शेतकरी गट, प्रशिक्षण आणि निविष्ठा निर्मिती यांवर भर असतो. गटाने एकत्र जीवामृत तयार केल्यास जनावरे नसलेल्या शेतकऱ्यालाही ते मिळू शकते, मात्र ते फार काळ साठवून ठेवता येत नसल्याने टाकी शेतांच्या जवळच असावी लागते.